सतरा एकांची संख्या

औंढे, ता. मावळ
१२ जून २०२४

चि. अमृता हीस अनेक आशीर्वाद.

तुझा हैदराबादचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. चंपाबाई शाळेत खिचडीच्या चुलीपाशीच भेटल्या. मुलगी विद्यापीठात गणित शिकवते हे सांगताना त्यांनी डाव खाली ठेवला होता.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. दोन वर्षांत माझे कान पार गेले. समोरच्याच्या ओठांवरून थोडंफार कळतं, फोनवर काहीच नाही.

तू दहावीत असताना शाळा सुटल्यावर मी फळ्यावर भागाकार करत बसायचो. हे कशाचं चाललंय, असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी सांगितलं नव्हतं. आता सांगतो. सतरा वेळा एक लिहिला की जी संख्या होते, ११,११,११,११,११,११,११,१११, ती अविभाज्य आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. दोन एकांची अकरा अविभाज्य आहे हे पोरांनाही माहीत असतं. पण पुढे तीन एकांना तीनने भाग जातो, चार एकांना अकराने, पाच एकांना एक्केचाळीसने. असं करत वर गेलं तर एकही टिकत नाही. सतरापाशी मी अडलो आणि वीस वर्षं तिथेच राहिलो.

हिला भाग गेलाच तर तो चौतीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनेच जाईल, हे मी सुरुवातीलाच सिद्ध केलं. तशा अविभाज्य संख्या शोधून वीस लाखांपर्यंत एकेकीने भागून पाहिलं. प्रत्येक वेळी बाकी उरली. गेल्या वर्षी एका पुस्तकात बाकीची कसोटी मिळाली. संख्येतून एक वजा करायचा, दहाचा तितका घात घ्यायचा आणि त्याला त्या संख्येने भागायचं. संख्या अविभाज्य असेल तर बाकी एक उरते. माझ्या संख्येची बाकी एकच उरते. अर्ध्या पानाची सिद्धता सोबत आहे.

माझ्या मुलाने, समर्थने, हे संस्थेचे अध्यक्ष प्रदीपराव यांना सांगितलं. शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन पंधरा ऑगस्टला आहे. दारातच ग्रॅनाइटची पाटी बसणार, तिच्यावर ही संख्या आणि खाली माझं नाव. तुझ्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर चार ओळींचा अभिप्राय मिळाला तर तो समारंभात वाचून दाखवतील. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तूच या वाटेला गेलीस, म्हणून तुझ्याकडूनच हवा आहे.

तुझा,
आदिनाथ सर

*

औंढे
९ जुलै २०२४

चि. अमृतास आशीर्वाद.

पत्र मिळालं असेल. चंपाबाई म्हणाल्या की तुला पोचल्याचं तू फोनवर सांगितलंस. कामात असशील.

इकडे भाताची लावणी उरकली. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे गाड्यांची इतकी रांग लागते की समर्थला कामशेतहून घरी यायला अंधार पडतो. पाटीचा दगड कोरायला गेला आहे. एका पेपरात माझ्याबद्दल बातमी आली, कात्रण पाठवत आहे. फोटोत मी जरा म्हातारा दिसतो.

अभिप्राय चार ओळींचाच हवा. फार विचार करू नकोस.

आदिनाथ सर

*

हैदराबाद
१६ जुलै २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

उत्तराला उशीर केला तो कामामुळे नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. तीनदा लिहून फाडलं. कात्रण आलं तेव्हा कळलं की आता गप्प राहणं म्हणजे तुम्हाला त्या पाटीपर्यंत चालत जाऊ देणं आहे.

सर, सतरा एकांची ती संख्या अविभाज्य नाही. तिचे दोन अवयव आहेत: २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७. दोन्ही स्वतः अविभाज्य आहेत. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच हे कुणीतरी शोधून काढलेलं आहे.

चौतीसचा तुमचा नियम अगदी बरोबर आहे. पहिला अवयव त्यातच बसतो. तुमचे भागाकारही बरोबर असणार, कारण वीस लाखांच्या खाली भाग जाणारं काही नाहीच. तुम्ही थांबलात त्याच्या थोडंसंच पुढे हा अवयव होता. तुम्हाला थांबवलं त्या दहाच्या कसोटीने. अविभाज्य संख्येची बाकी एक उरते हे खरं, पण बाकी एक उरली म्हणून संख्या अविभाज्य ठरत नाही. सात एकांची संख्या घ्या. तीही या कसोटीला उतरते, आणि ती २३९ गुणिले ४६४९ आहे. नुसत्या एकांच्या संख्येला दहाच लावून पाहिलं की ती बहुधा खोटी साक्ष देते.

अभिप्राय मला देता येणार नाही. पाटी कोरून व्हायच्या आत प्रदीपरावांना सांगा. तुमच्या चौतीसच्या नियमावर मी आनंदाने लिहीन, तो कुणी न शिकवता तुम्ही मिळवलात.

तुमची,
अमृता

*

औंढे
२५ जुलै २०२४

अमृता,

पत्र मिळालं.

वीस वर्षांच्या कामाला तू एका परिच्छेदात उत्तर दिलंस. तेही यंत्राकडून घेतलेलं, हे मला इथे बसून दिसतं. दोन आकडे टाकलेस आणि मोकळी झालीस. अवयव म्हणून तू जो पहिला आकडा दिलास तो मी थांबलो त्याच्या थोडा पुढचाच निघावा, हा चांगला योग आहे.

ते दोन आकडे मी गुणून पाहणार नाही. मला त्याची गरज वाटत नाही. ज्याने तेवढे भागाकार हाताने केले त्याने आता एका मुलीच्या सांगण्यावरून परीक्षेला बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

मोठ्या ठिकाणी गेलं की गावाकडचं सगळं चुकीचंच दिसायला लागतं. तुझ्या बाबतीत हे होणार नाही असं मी धरून चाललो होतो. सत्तावीस तारखेला संस्थेची सभा आहे. तुझ्या अभिप्रायाचं काय झालं, असं तिथे विचारतील. काय सांगायचं ते माझं मी पाहीन.

आदिनाथ

*

हैदराबाद
३ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,

यंत्राचं म्हणणं मानू नका. माझंही मानू नका. गुणाकार पाचवीतला आहे, तेवढाच करा. चुकला असला तर मी सुट्टी घेऊन येते आणि त्या पाटीसमोर उभी राहून माफी मागते.

तुमचं मन राखायला चार गोड ओळी लिहिणं मला सोपं होतं. पण ती पाटी शाळेच्या दारात राहणार. कधी ना कधी एखादं पोर तो आकडा मोबाइलमध्ये टाकेल आणि ते हसेल तेव्हा खाली तुमचं नाव असेल. मला तेवढंच टाळायचं होतं.

दगड कोरून झालाच असेल तर एक मार्ग आहे. एकोणीस एकांची संख्या खरोखरच अविभाज्य आहे. दोन एक वाढवले तर पाटी खोटी राहणार नाही.

पंधरा तारखेच्या आत दोन ओळी पाठवा.

अमृता

*

औंढे
२२ सप्टेंबर २०२४

चि. अमृतास आशीर्वाद.

तुझ्या दुसऱ्या पत्राला वेळेवर उत्तर दिलं नाही. आज देतो.

पत्र वाचून मी कपाटात ठेवून दिलं होतं. तुझ्या काकू, शालूबाई, कधी माझ्या गणितात पडल्या नाहीत. दोन-तीन दिवसांनी मला ओठांवरून कळावं म्हणून त्या माझ्या समोर येऊन बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "एवढं भागाकार केलं, मग एक गुणाकार कराया भ्या वाटतंय व्हय?"

तेरा ऑगस्टला दुपारी मी तो केला. शेवटची बेरीज करताना उजवीकडून एक यायला लागला. पहिले पाच-सहा एक आले तेव्हाच मला कळलं होतं, तरी पुरी केली. सतराही आले. मग पडवीत जाऊन बसलो. त्या दिवशी दुसरं काही केल्याचं आठवत नाही.

चौदाला सकाळी प्रदीपरावांच्या हॉटेलवर गेलो. संख्या चुकीची आहे, पाटी लावू नका, असं सांगितलं. त्यांना आधी वाटलं की नावात चूक झाली. समजल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मला वाचता यावं म्हणून बिलाच्या पाठीवर लिहिलं, "सर, कोण मोजायला येतंय?" तुझा एकोणीसचा मार्ग मी सांगितला नाही. ती संख्या माझी नाही. मी तिच्यासाठी काही केलेलं नाही.

पंधराला समारंभ झाला. मी गेलो. समर्थ न्यायला आला होता, नातवंडं नवे कपडे घालून उभी होती. हार घातला, शाल दिली, पाटीवरचा पडदा ओढला. भाषणातलं मला काही ऐकू आलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

तू बरोबर होतीस. मी जे लिहिलं ते मनात ठेवू नकोस.

तुझा,
आदिनाथ सर

*

हैदराबाद
४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वर्गात नेलं होतं. शिकवणं झाल्यावर रिकाम्या वर्गात बसून पुन्हा वाचलं. आमच्या क्षेत्रातही चूक कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगणारी माणसं फार नाहीत. पाटी लागली हे प्रदीपरावांचं काम. तुम्ही तुमचं केलंत. मनातलं सगळं ओझं उतरवून टाका. माझ्या मनात तर काहीच नाही.

चौतीसच्या नियमावर मी खरंच लिहायला घेतलं आहे. एका मराठी विज्ञान मासिकाला पाठवीन, तुमच्या नावाने.

एक काम होतं. आई फोनवर हल्ली तुटक बोलते. शाळेचं विचारलं की सुट्ट्या चालल्यात म्हणते, आणि आता कसल्या सुट्ट्या ते मला कळत नाही. पाय दुखतात म्हणून घरी बसली असेल आणि लपवत असेल. शाळेकडे गेलात तर तिला एकदा पाहाल का? तुमचा तिला धाक आहे, तुम्ही विचारलंत तर ती खरं सांगेल.

दिवाळीत कुसगावला येते आहे. औंढ्याला नक्की येईन.

तुमची,
अमृता

*

औंढे
१९ ऑक्टोबर २०२४

चि. अमृतास आशीर्वाद.

तुझ्या पत्राने बरं वाटलं. लेखाची घाई नाही.

शाळेकडे माझं जाणं हल्ली होत नाही, ती पाटी दारातच आहे. चंपाबाईंची भेट झाली नाही. बऱ्याच असतील. वयोमानाने पाय दुखणारच, काळजीचं कारण दिसत नाही.

दिवाळीत आमचा समर्थच्या सासुरवाडीला तिकोणा पेठेला जाण्याचा विचार आहे. तेव्हा भेट होईलच असं नाही. नाहक हेलपाटा नको म्हणून कळवलं.

आदिनाथ सर

*

कुसगाव
३ नोव्हेंबर २०२४

सर,

हे पत्र कुसगावातून लिहिते आहे. इथून औंढं जवळ आहे आणि तुम्ही तिकोणा पेठेला गेलेला नाहीत. काल बाजारात समर्थदादा भेटले, घरी फराळाला ये म्हणाले. मी आले नाही.

आईचे पाय दुखत नाहीत. आई ऑगस्टपासून शाळेत जात नाही. शनिवार-रविवारी लोक भाड्याने घेतात त्या बंगल्यांत ती सोमवारी सकाळी जाते आणि त्यांची भांडी, फरशा, बाथरूम साफ करते. मी घरात शिरले तेव्हा तिच्या हातांना ॲसिडचा वास येत होता. विचारलं तर म्हणाली, बदल म्हणून करून पाहते.

शेजारच्या झुंबरबाईंनी सांगितलं. त्या आईबरोबरच खिचडी करायच्या, अजून करतात. सत्तावीस जुलैच्या सभेत चहा द्यायला त्या आत होत्या. तुम्ही माझं पत्र तिथे नेलंत. वाचून दाखवलंत. मग काय म्हणालात ते झुंबरबाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं: "आपल्याच शाळंची खिचडी खाऊन वाढल्याली पोरगी आता आपल्यालाच शिकवाया लागली." त्यावर प्रदीपराव म्हणाले, मग खिचडीच बंद करू की, आणि सगळे हसले.

चार दिवसांनी आईला सांगण्यात आलं की खिचडीत खडे निघाल्याची तक्रार आहे, उद्यापासून येऊ नका. एकटीलाच. काम गेल्याचं तिने सोसलं असतं, पण त्या खड्यांचं तिला सोसवत नाही. "माज्या हातच्या तांदळात खडा निघाला न्हाई कधी," एवढंच ती परत परत म्हणते, आणि तेही माझ्याकडे न पाहता.

म्हणजे तेरा ऑगस्टला तुम्ही गुणाकार केलात तेव्हा आई घरी बसलेली होती. चौदाला तुम्ही पाटीसाठी प्रदीपरावांकडे गेलात. त्याच खुर्चीत बसून आईबद्दल एक शब्द बोललात का? सप्टेंबरात मला लांबलचक पत्र लिहिलंत, त्यात हे नव्हतं. मी तिला पाहून या म्हणून विनवलं, तेव्हा काळजीचं कारण दिसत नाही असं लिहिलंत. आणि मी तुमचं पत्र वर्गात घेऊन फिरत होते.

आई म्हणते, सरांना काही लिहू नको, ते मोठे आहेत. म्हणून ती झोपल्यावर लिहिते आहे.

अमृता

*

औंढे
१० डिसेंबर २०२४

चि. अमृता,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसलो की पहिल्या ओळीवरच अडत होतो.

ते वाक्य मी बोललो. त्या दिवशी मी रागाने पेटलो होतो. सगळे हसले हे पाहिलं. का हसले ते मला ऐकू आलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही. चंपाबाईंना काढल्याचं मला पाच-सहा ऑगस्टला कळलं. माझ्या बोलण्यामुळे काढलं असं कुणी सांगितलं नाही. मीही तसं धरलं नाही. पुढे धरावं लागलं.

तुला कळवायचं मनात होतं. सप्टेंबरच्या पत्रात ती ओळ लिहून खोडली. एकाच पत्रात दोन चुका कबूल करायला माझा हात चालला नाही. पहिली कबूल केली की दुसरीला बळ येईल असं वाटलं होतं, पण तू इतकं चांगलं लिहिलंस की उलटंच झालं.

एक मात्र मान. तुमच्या आळीबद्दल, जातीबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. तू पहिल्या बाकावर बसायचीस ते मीच बसवलेलं होतं. असला विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही.

प्रदीपरावांशी मी बोलणार आहे. ते सध्या हॉटेलच्या हंगामात गुंतलेत. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनानंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. सगळं गाव असतं. तिथे मी सगळं सांगणार आहे. पाटीचंही आणि चंपाबाईंचंही. तोवर धीर धर.

तुझा,
आदिनाथ सर

*

हैदराबाद
२१ डिसेंबर २०२४

सर,

असला विचार तुमच्या मनाला शिवायची गरजच नव्हती. प्रदीपरावांच्या मनात तो तयार होता. तुम्ही फक्त वाक्य पुरवलंत. दोघी एकाच चुलीवर रांधायच्या, तांदूळही एकाच पोत्यातला. खडे बौद्धवस्तीतल्या बाईच्याच हातून निघाले, झुंबरबाईंच्या नाही, हे तुम्हाला खटकायला हवं होतं. तुम्ही आयुष्यभर बाकी तपासत आलात.

सव्वीस जानेवारीचं आईला मी सांगितलेलं नाही. बोललात तर झुंबरबाईंकडून तिला कळेलच.

अमृता

*

औंढे
२९ जानेवारी २०२५

चि. अमृतास आशीर्वाद.

सव्वीसचं सांगतो. लपवून काही ठेवत नाही.

झेंडा झाल्यावर मला पुढे बोलावलं. मी नुसतं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. संख्या चुकीची आहे हे नुसतं सांगितलं तर म्हातारा भ्रमला म्हणतील, म्हणून शिपायाला सांगून फळा बाहेर आणून ठेवला होता. माइकवर म्हणालो की पाटीवर जे कोरलं आहे ते तपासून दाखवतो. आणि तुझे दोन आकडे एकाखाली एक लिहिले.

हाताने सात ओळींचा गुणाकार. ऊन चढायला लागलं होतं. पोरांची चुळबुळ माझ्या पाठीला जाणवत होती. मध्येच कुणीतरी माइक काढून नेला, कवायतीला हवा होता म्हणे. मी लिहीत राहिलो. हातचा एकदाही चुकला नाही. शेवटची बेरीज केली. सतरा एक आले. त्यांच्याखाली रेघ मारली आणि वळलो.

सगळे टाळ्या वाजवत होते.

आधी मला वाटलं, समजलं त्यांना. मग प्रदीपराव माइक घेऊन पुढे आले, माझा हात धरून वर केला आणि काही बोलले. ओठांवरून मला दोन शब्द कळले, "पुन्हा सिद्ध". समर्थने नंतर लिहून दाखवलं. ते म्हणाले होते की पाटीवरची संख्या सरांनी या वयात, कागद न घेता, सर्वांसमोर पुन्हा सिद्ध करून दाखवली. फळ्यावर सतरा एक, पाटीवर सतरा एक. लोकांना दोन्ही सारखेच दिसले. नव्या गणिताच्या बाईंनी फळ्याचा फोटो काढला, त्याही टाळ्या वाजवत होत्या. मी नाही नाही म्हणत होतो. माझा आवाज किती निघत होता ते मला कळत नाही. लोक हसून मान डोलवत होते.

त्या गडबडीत चंपाबाईंचं राहून गेलं. गुणाकारातच वेळ गेला. माइक परत मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रदीपरावांकडे जाणार होतो, पण ताप आला. अजून अंगात आहे. पाटी आहे तिथेच आहे, आणि आता ती काढा असं मी म्हटलं तर मलाच वेड्यात काढतील.

तू येऊन सांगितलंस तर फरक पडेल. तुझं नाव मोठं आहे, तुझं ऐकतील. एकदा ये.

तुझा,
आदिनाथ सर

*

हैदराबाद
१२ फेब्रुवारी २०२५

सर,

तुम्ही लिहिण्याआधीच मला कळलं होतं. सव्वीसच्या दुपारी झुंबरबाई आईकडे गेल्या. फळा आणला, मोठं गणित केलं, टाळ्या वाजल्या, असं सगळं सांगितलं. आईने विचारलं, "माज्या खिचडीचं काय बोलले का सर?" त्या म्हणाल्या, "न्हाई बाई, तसलं काय न्हाई बोलले."

पहिल्या वाक्याला माइक तुमच्या हातात होता. त्या वाक्यात काय घ्यायचं ते तुम्ही निवडलंत. गुणाकार आधी घेतलात. खडे नव्हते, एवढं म्हणायला फळा लागत नव्हता, आणि त्याच्यावर कुणी चुकूनही टाळ्या वाजवल्या नसत्या. ते सगळ्यांना नीट समजलं असतं. म्हणूनच ते राहिलं, असं मला वाटतं.

मी येणार नाही. ती पाटी खोटी आहे हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. आणखी कुणाला ते जाणून घ्यायचं नाही, आणि तिथे येऊन ते पटवून देण्यासाठी मी आता रजा घालवणार नाही. मासिकाचा लेख मी पाठवला आहे. नियम तुमचा आहे, तो तुमच्याच नावाने छापून येईल. त्याचा आणि बाकीचा संबंध नाही.

आईला मी गेल्या आठवड्यात इकडे आणलं. कुसगावचं घर बंद केलं. निघताना तिने चूल सारवली, कोण बघणार आहे विचारलं तर म्हणाली, बघायला कशाला कोण पायजे. इथे तिला भाषा येत नाही. दिवसभर खिडकीत बसते, तांदूळ निवडते. दुकानातून आणलेला स्वच्छ तांदूळ असतो, तरी ताटात पसरून दाणा दाणा बघते. मी नको म्हणत नाही.

यापुढे पत्र पाठवू नका. आलं तर मी फोडणार नाही.

आई समोर बसली आहे. कुणाला लिहितेस म्हणाली, मी सांगितलं. तुम्हाला ताप आहे हेही सांगितलं. औषध घेतात का विचार म्हणाली, आणि माझा नमस्कार लिही म्हणाली. मी लिहिणार नव्हते. ती कागदाकडे बघत बसली आहे, म्हणून लिहिते.

आईचा नमस्कार. माझा नाही.

अमृता